टीसीएलच्या पाण्यात ठेवूनही क्रिप्टोचे ऊसिस्ट उघडतात – पद्धत चुकते की टीसीएल कमी पडतंय?

कारंजेकर · 9 जून, रात्री 10:14

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष, कॉलेज वाशिम जिल्ह्यात. प्रोजेक्ट असा आहे: हगवण लागलेल्या वासरांच्या शेणातून क्रिप्टोस्पोरिडियमचे ऊसिस्ट वेगळे करायचे, गावच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर असतो तेवढ्या क्लोरीनच्या पाण्यात ते ठेवायचे आणि नंतर जिवंत राहिलेत का, ते एक्सिस्टेशन करून बघायचं.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रिप्टो हा आतड्यातला परजीवी. बाहेरच्या जगात तो ऊसिस्ट म्हणून फिरतो, म्हणजे 4 ते 6 मायक्रॉनची कवचबंद गोळी आणि आत चार स्पोरोझॉइट. गोळी पोटात गेली की कवचाला असलेली शिवण उसवते, चौघे बाहेर येतात आणि आतड्याच्या पेशींना चिकटतात. हेच आपण नळीत घडवून आणतो, त्यालाच एक्सिस्टेशन म्हणतात. जठराच्या जागी आम्ल, लहान आतड्याच्या जागी 37 अंशाला पित्तक्षार (सोडियम टॉरोकोलेट) आणि ट्रिप्सिन. तासाभराने किती उघडले ते मोजायचं.

अडचण ही की टीसीएलच्या पाण्यातले आणि साध्या पाण्यातले ऊसिस्ट जवळपास सारखेच उघडतात. गाइड म्हणतात, तुझी पद्धत चुकते. मला वाटतं टीसीएलच पुरत नाही. कोणी हे काम केलंय का? दुसरं, एका रुग्णालयाच्या लॅबमधून माणसांच्या शौचाचे नमुने मिळतील, पण ते फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले आहेत. चालतील?

काच_स्लाइड · 9 जून, रात्री 10:52

दुसऱ्या प्रश्नाचं आधी: नाही. फॉर्मॅलिनमध्ये ऊसिस्ट मरतो. रंगवून बघायला नमुना चांगला राहतो, पण उघडण्याची चाचणी त्यावर होणार नाही. जिवंत ठेवायचे तर 2.5 टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, 4 अंशाला. तसे ते कित्येक महिने टिकतात, पण हळूहळू उघडण्याचं प्रमाण घसरतं. म्हणून नमुना कधीचा आहे, ते बाटलीवर लिहा. आणि चाचणीआधी डायक्रोमेट पुरतं धुवा, अगदी पिवळेपणा जाईपर्यंत. हातमोजे घालून. ते सहा संयुजेचं क्रोमियम आहे, कर्करोगकारक. पोरं ते संत्र्याच्या सरबतासारखं हाताळतात.

आता मला एक सांगा. वेगळे केलेले ऊसिस्ट ब्लीचमध्ये धुता का?

कारंजेकर · 9 जून, रात्री 11:03

हो मॅडम. प्रोटोकॉलमध्ये आहे. बर्फावर ठेवून थोडा वेळ पातळ केलेल्या हायपोक्लोराइटमध्ये, मग तीन-चारदा धुणं.

काच_स्लाइड · 9 जून, रात्री 11:20

मग तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच प्रोटोकॉलमध्ये आहे. त्या ब्लीचने शेणातले जिवाणू मरतात, कवचाचा बाहेरचा थर पातळ होतो आणि ऊसिस्ट उलट अधिक सहज उघडतो. घरच्या टाकीत असतो त्याच्या हजारो पट क्लोरीन तिथे असतो, आणि आतले चौघे ठणठणीत! टाकीतल्या एक पीपीएमचं (लिटरला एक मिलिग्रॅम) काय घेऊन बसलात?

टाकीवाला · 10 जून, सकाळी 6:41

मी ग्रामपंचायतीत जलसुरक्षक हाओ, यवतमाळ जिल्ह्यातला. रोज सकाळी टाकीत टीसीएल टाकतो, मंग नळाच्या शेवटच्या घरी जाऊन ओटी टेस्ट घेतो, म्हंजे पाण्यात क्लोरीन हाय का ते पायतो. पिवळं आलं की झालं. आता तुमी म्हणून राहिले का त्यानं हा जंतू मरतच नाही. मंग आमी काऊन टाकून राहिलो? उद्या हे गावात कोणी वाचलं अन् म्हटलं का टीसीएल बंद करा, वास येते, तर मी त्यायले काय सांगू?

पाणीमीटर · 10 जून, सकाळी 9:15

टाकीवाले भाऊ, प्रश्न एकदम रास्त. नोकरी जलशुद्धीकरणातच गेली, म्हणून हिशेबाने सांगतो.

क्लोरीनचं गणित दोन गोष्टींच्या गुणाकारावर चालतं: पाण्यात किती पीपीएम आणि किती मिनिटं. 25 अंशाचं, साधारण 7.5 पीएचचं पाणी आणि एक पीपीएम क्लोरीन धरा. हगवण लावणारा ई. कोलाय एका मिनिटाच्या आत जातो. कावीळ अ चा विषाणू सुमारे 16 मिनिटं घेतो. जिआर्डिया, तोही आतड्यातला परजीवी, 45 मिनिटं. आणि क्रिप्टो? हजारातले 999 मारायला 15,300 मिनिटं. म्हणजे साडेदहा दिवस. नळाला 0.2 पीपीएम येत असेल तर त्याच हिशेबाने 53 दिवस. तुमची टाकी रोज रिकामी होते.

तेव्हा टीसीएल टाकायचंच. पटकी, विषमज्वर, कावीळ त्याच्यानेच अडते. 33 टक्क्यांची पावडर असेल तर हजार लिटरला तीन ग्रॅम म्हणजे एक पीपीएम. शिवाय पाण्यातला गाळ आणि सेंद्रिय कचराही क्लोरीन खातो, म्हणून प्रत्यक्षात जास्त टाकावं लागतं आणि म्हणूनच ओटी घ्यायची. उघड्या पोत्यातली पावडर महिनाभरात नुसता चुना होते, ते वेगळं. पण क्रिप्टो अडवायचा तर तो गाळून काढावा लागतो. क्लोरीनचं ते कामच नाही.

कारंजेकर, थोडक्यात तुमची पद्धत चुकत नसावी. निकाल जसा यायला हवा तसाच आलाय.

उगाच_आलो · 10 जून, दुपारी 1:30

म्हणजे पोराने प्रोजेक्टभर मेहनत केली ती आधीच माहीत असलेली गोष्ट सिद्ध करायला. विद्यापीठांत हेच चालतं. 😀

पशुवैद्य_बाई · 10 जून, दुपारी 2:48

उगाच_आलो, नावाला जागलात.

कारंजेकर, मी पशुवैद्यक आहे, अकोला-बुलडाणा पट्ट्यात काम करते. गाइडना पटवायचं तर कंट्रोल (तुलनेचे नमुने) लागतील, त्याशिवाय ते ऐकणार नाहीत आणि ऐकूही नये. एक, ताजे, काहीच न केलेले ऊसिस्ट: हे चांगल्या प्रमाणात उघडलेच पाहिजेत. ते उघडले नाहीत तर पित्तक्षार जुना झालाय, वॉटर बाथ थंड आहे किंवा नमुना शिळा आहे. दुसरा, उकळत्या पाण्यात मारलेले: हे उघडता कामा नयेत. या दोघांच्या मध्ये तुमचा टीसीएलचा नमुना ठेवा. आणि क्लोरीनची वेळ संपली की लगेच सोडियम थायोसल्फेट घालून क्लोरीन मारता का? नाही घातलं तर धुण्याच्या वेळातही तो काम करत राहतो आणि तुमची ‘30 मिनिटं’ ही 30 मिनिटं राहत नाहीत. उलटी गंमत अशी की ऊसिस्टबरोबर शेणाचे कण राहिले असतील, तर सगळा क्लोरीन तेच खातात. सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे क्लोरीन मोजलाय का?

मोजणी कशी करता तेही लिहा. नुसती रिकामी कवचं मोजता की स्पोरोझॉइटही?

कारंजेकर · 10 जून, रात्री 9:37

न्यूबॉअर चेंबरमध्ये (चौकटी आखलेली मोजणीची काच). पूर्ण बंद, अर्धवट उघडलेले आणि रिकामे असे तीन ढीग करतो. अर्धवट अधिक रिकामे भागिले एकूण. स्पोरोझॉइट मोजायचा प्रयत्न केला, पण साध्या मायक्रोस्कोपखाली ते दिसेनासे होतात. थायोसल्फेट घालतो. शेवटचा क्लोरीन मात्र मोजलेला नाही. उकळलेला कंट्रोलही नव्हता, तो लावतो.

काच_स्लाइड · 10 जून, रात्री 10:10

फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपशिवाय हे काम करू नका, डोळे जातील. स्पोरोझॉइट म्हणजे केळीच्या फण्यातल्या एका बारीक केळ्यासारखा वाकडा, आणि बाहेर आल्यावर फार वेळ टिकत नाही. म्हणून एका रिकाम्या कवचामागे चार असा हिशेब कागदावरच जुळतो, मोजणीत कमीच येतात. पण तोही आकडा ठेवा. कवच रिकामं आणि स्पोरोझॉइट कुठेच नाही, असे ऊसिस्ट फार असतील तर ते चाचणीच्या आधीपासूनच रिकामे होते. चाचणी सुरू करण्यापूर्वीची मोजणी वजा केलीत का? बरेच जण करत नाहीत आणि मग ‘उघडण्याचं प्रमाण’ फुगतं.

पूर्णाकाठ · 11 जून, सकाळी 7:05

मी शेतकरी माणूस. हे सारं वाचून डोकं भनभन करून राहिलं, पण कामाचं इचारतो. मायाकडं दोन वासरं हायेत, एक दहा दिवसाचं. पिवयं पाण्यासारखं हगून राहिलं. डॉक्टरनं गोया देल्ल्या, फरक नाही. हा तोच रोग काय? अन् घरात लहान पोरं हायेत, त्यायले लागते काय?

पशुवैद्य_बाई · 11 जून, सकाळी 8:20

दादा, न बघता तोच आहे असं सांगता येणार नाही, पण वय जुळतं. क्रिप्टो बहुतेक पहिल्या तीन-चार आठवड्यांतल्या वासरांना धरतो. त्याच वयात रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस आणि ई. कोलायही असतात, बऱ्याचदा दोन-दोन एकत्र. क्रिप्टोवर नेहमीची प्रतिजैविकं चालत नाहीत, म्हणून गोळ्यांनी फरक पडला नसेल. सगळ्यात महत्त्वाचं पाणी: वासराचं दूध बंद करू नका आणि मधल्या वेळात ग्लुकोज-मिठाचं पाणी पाजत राहा. डोळे आत गेले, उभं राहीना, तर शिरेतून सलाईन लागेल, लगेच बोलवा.

पोरांना लागतो. आजारी वासरू शेणातून अब्जावधी ऊसिस्ट टाकतं आणि ते बाहेर पडताक्षणीच संसर्ग करू शकतात. कृमींच्या अंड्यांसारखे ते आधी मातीत पिकावे लागत नाहीत. पोरांना त्या वासराजवळ जाऊ देऊ नका. हात साबणाने चोळून धुवा. सॅनिटायझरची बाटली इथे कामाची नाही, अल्कोहोलने हा मरत नाही. ते शेण विहिरीपासून दूर, आणि ओल्या उकिरड्यावर टाकण्यापेक्षा उन्हात पसरा.

मेळघाटची · 11 जून, सकाळी 11:44

मी धारणी भागात नर्स आहे. आमच्याकडे दोन आठवडे उलटून गेले तरी जुलाब न थांबणारी पोरं येतात, विशेषतः पावसाळ्यात आणि विशेषतः कुपोषित. शौचाची तपासणी पाठवली तर ‘नो ओव्हा, नो सिस्ट’ असा कागद परत येतो. मग हा रोग नाही असं समजायचं का?

काच_स्लाइड · 11 जून, दुपारी 12:30

ताई, अजिबात नाही. सलाईन-आयोडीनच्या साध्या स्लाइडवर क्रिप्टो यीस्टसारखा दिसतो आणि नजरेतून सुटतो. फॉर्मवर मुद्दाम ‘क्रिप्टोसाठी मॉडिफाइड झेडएन’ (झील-नील्सन पद्धतीने रंगवणं) असं लिहावं लागतं. टीबीच्या स्लाइडचाच लाल रंग, कार्बोल फ्युक्सिन, वापरतात, पण टीबीसाठी रंग उतरवायला 25 टक्के सल्फ्युरिक आम्ल असतं, इथे अगदी सौम्य आम्ल लागतं, नाहीतर ऊसिस्टचाही रंग निघून जातो. हिरव्या किंवा निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल गोल दाणे दिसतात. मायक्रोस्कोपमध्ये मोजपट्टी असेल तर माप घ्या: 4 ते 6 मायक्रॉन असेल तर क्रिप्टो, 8 ते 10 असेल तर सायक्लोस्पोरा असू शकतो, आणि त्याचं औषध वेगळं. एका नमुन्यावर निकाल देऊ नका, परजीवी रोज सारखा पडत नाही.

आणि हा लहानसहान रोग नाही. आफ्रिका-आशियातल्या सात देशांत मुलांच्या गंभीर जुलाबांचा मोठा अभ्यास झाला होता, भारतातून कोलकाता त्यात होतं, निकाल 2013 मध्ये आले. पहिल्या वर्षाच्या आतल्या बाळांत रोटाव्हायरसच्या खालोखाल क्रिप्टोच निघाला. तोवर आपल्याकडे हा एचआयव्हीच्या रुग्णांचा रोग म्हणूनच शिकवला जायचा.

औषध नायटाझॉक्सनाइड, तेही डॉक्टरांनी ठरवायचं. एचआयव्हीत प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर त्याचा उपयोग फारसा होत नाही, आधी एआरटी (एचआयव्हीची औषधं). बाळांना ओआरएस, झिंक आणि खाणं चालू ठेवणं, हे तुम्ही करताच.

उगाच_आलो · 11 जून, दुपारी 3:02

बरं, मी गंभीरपणे विचारतो. घरी आरओ-यूव्ही आहे. म्हणजे मी सुटलो ना?

पाणीमीटर · 11 जून, सायंकाळी 5:40

आरओची जाळी धड असेल तर ऊसिस्ट त्यातून जात नाही. यूव्हीचं (अतिनील किरणांचं) मात्र प्रकरण मोठं आहे आणि कारंजेकरांनी ते वाचायलाच हवं, कारण त्यात त्यांची चाचणीच आरोपी आहे.

1990 च्या दशकाच्या शेवटापर्यंत जगभरचे पाणीवाले मानत होते की क्रिप्टोवर यूव्ही चालत नाही. का? कारण तपासणी एक्सिस्टेशनने किंवा डाय टाकून होत होती. यूव्ही मारलेले ऊसिस्ट नळीत टाकले की आरामात उघडायचे, स्पोरोझॉइट बाहेर यायचे. निष्कर्ष: जिवंत. मग कुणीतरी तेच ऊसिस्ट उंदरांच्या पिल्लांना पाजले. पिल्लांना रोग झालाच नाही! यूव्हीने डीएनए बिघडवला होता. स्पोरोझॉइट बाहेर येत होता, पण आतड्याच्या पेशीत जाऊन वाढू शकत नव्हता. आज अमेरिकेच्या नियमात 12 मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर इतक्या कमी डोसला हजारातले 999 निकामी धरले जातात. एका चुकीच्या प्रश्नामुळे एक स्वस्त, उपयोगी उपाय इतकी वर्षं बाजूला राहिला.

म्हणून एक्सिस्टेशनचा निकाल एका बाजूने वाचायचा. उघडला नाही, तर बहुधा मेला. उघडला, तर कवच उघडण्याइतकी यंत्रणा शाबूत आहे, एवढंच कळलं. रोग लावेल की नाही ते उंदीर किंवा पेशी-संवर्धन सांगेल, आणि ते तुमच्या कॉलेजात होणार नाही, करूही नका.

कारंजेकर · 11 जून, रात्री 10:25

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मग माझ्या टीसीएलच्या निकालाचा अर्थ काय लावायचा? उघडले म्हणून ‘संसर्ग करू शकतात’ असं लिहिता येणार नाही?

पाणीमीटर · 11 जून, रात्री 11:00

नाही लिहिता येणार. ‘या मात्रेत, या वेळात टीसीएलने उघडण्याची क्षमता कमी झाली नाही’, बास. संसर्गाबद्दल बोलायचं तर लोकांचे आधीचे आकडे आहेतच. आणि मोठा दाखला अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराचा. 1993 च्या मार्च-एप्रिलमध्ये तिथे सुमारे 4 लाख 3 हजार लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन होता. गाळणीच्या एका प्लँटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला होता, तिथूनच क्रिप्टो निसटला.

म्हणून टाकीवाले भाऊ, पहिल्या पावसानंतर विहिरीचं पाणी गढूळ झालं की ओटी पिवळी आली तरी निर्धास्त राहू नका. तुरटी फिरवून गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी घ्या आणि घरी लहान बाळ असेल तिथे एक मिनिटभर खळखळ उकळायला सांगा. उकळलं की क्रिप्टो संपला, तिथे वाद नाही. लुगड्याच्या चार पदरी फडक्यातून मात्र तो जातो, त्याच्या मानाने फडक्याची छिद्रं फार मोठी.

टाकीवाला · 12 जून, सकाळी 6:30

समजलं सर. आमच्या विहिरीच्या कठड्याले भेग हाय, गोठ्याचं पाणी पावसात तिकडंच जाते. सरपंचाले दोनदा सांगतलं. आता हा धागाच दाखवतो.

पशुवैद्य_बाई · 12 जून, सकाळी 9:50

कारंजेकर, टीसीएलचा प्रश्न सुटलेला आहे, त्यावर एक प्रकरण पुरे. त्याच कौशल्यातून आपल्या भागाला खरंच उपयोगी असं काहीतरी करा. वाळणं. काचेवर पातळ पसरून वाळवलेले ऊसिस्ट खोलीच्या तापमानाला चार तासांत संपतात, हे जुनं संशोधन आहे. पण शेण म्हणजे काच नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, गोवऱ्या अंगणात पडलेल्या असतात, वर कडक आणि आत दोन-तीन दिवस ओल. त्या ओल्या गाभ्यात किती उघडतात? पातळ पसरलेल्या शेणात किती? उकिरड्याच्या आत किती? इथे एक्सिस्टेशन प्रामाणिकपणे वापरता येतं, कारण वाळल्याने किंवा तापल्याने ऊसिस्ट यूव्हीसारखा अर्धवट बिघडत नाही, बहुतेक कवचासकट मरतो. तरी थेट ऊन लागलेल्या थरात यूव्हीचा घोळ येईलच, म्हणून सावलीतला नमुनाही ठेवा.

अट एकच: जिवंत नमुन्याचं काम पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या लॅबमध्ये करा. अकोल्याला आणि नागपूरला दोन्हीकडे आहे. सेफ्टी कॅबिनेट, ऑटोक्लेव्ह आणि हे नमुने हाताळायची सवय असलेली माणसं तिथे मिळतील. वर्गातली पोरं आळीपाळीने पिपेट धरणार असतील तर नको.

कारंजेकर · 12 जून, रात्री 9:12

गाइडशी बोललो. आधी कुरकुरले, मग यूव्हीची गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाले, ‘हे मला वाचायला दे.’ टीसीएल एका प्रकरणात, उकळलेल्या कंट्रोलसह, आणि पुढे गोवरी. उन्हाळा मात्र संपलाय, आता पाऊस. ओव्हन वापरला तर तो उन्हासारखा धरता येईल का?

पशुवैद्य_बाई · 12 जून, रात्री 9:58

ओव्हन ओल फार लवकर घेतो. तापमान धरता येईल, वाळण्याचा वेग नाही. त्यापेक्षा पावसाळ्याचाच प्रश्न घ्या: छपराखालची गोवरी आणि उघड्यावरची. दर वेळी थोडं शेण वजन करून वाळवा आणि ओलाव्याचं प्रमाण काढा. त्याशिवाय पुढच्या मे महिन्याशी तुलना जमणार नाही. प्रोजेक्ट तोवर संपला असेल, पण तुमच्यामागे येणाऱ्याला आकडे मिळतील.

पूर्णाकाठ · 13 जून, सकाळी 7:20

वासरू कालपासून उभं राहून राहिलं, दूध पेऊन राहिलं. ग्लुकोज-मिठाचं पाणी दर दोन तासानं पाजलं. शेण पाहिजे असन तर या, उघड्यावरचं बी हाय अन् छपराखालचं बी. फक्त गावात कोणाले सांगू नका का वासराच्या शेणासाठी कॉलेजचं पोरगं येते, लोकं मले दुसरंच काई इचारतीन.

काच_स्लाइड · 13 जून, सकाळी 10:05

कारंजेकर, गेलात तर बाटलीत डायक्रोमेट आधीच भरून न्या, थर्मास आणि बर्फ घ्या, आणि वासराचं वय, हगवण कधी सुरू झाली आणि नमुना घेतल्याची वेळ तिथेच लिहा. घरी येऊन आठवून लिहू नका.